व्हिसा लागत नाही, मग काउंटरवर अडवलं का?

तिकीट काढलेलं आहे, पासपोर्ट खिशात आहे, आणि जिथे जायचंय त्या देशात आपल्या पासपोर्टला व्हिसा लागत नाही, हेही दोन-तीन ठिकाणी वाचून पक्कं केलेलं आहे. तरीही चेक-इन काउंटरवरची मुलगी पासपोर्ट मशीनवर ठेवते, स्क्रीनकडे बघते, पुन्हा ठेवून बघते आणि म्हणते, "तुमची परवानगी दिसत नाहीये." बॅग काट्यावर तशीच पडलेली. मागे रांग. विमान सुटायला दीड तास.

अशा वेळी माणसाच्या तोंडून हमखास एकच वाक्य निघतं: "पण तिथे व्हिसा लागतच नाही!" वाक्य शंभर टक्के खरं असतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. कारण ‘व्हिसा लागतो’ आणि ‘व्हिसा लागत नाही’ यांच्यामध्ये गेल्या तीसेक वर्षांत एक तिसरी गोष्ट येऊन बसली आहे. तिला इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन म्हणतात, थोडक्यात ईटीए. आपण तिला पूर्वपरवानगी म्हणू.

व्हिसा या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कार्टा व्हिसा’ म्हणजे पाहिलेला कागद. वकिलातीतल्या कुणीतरी तुमची कागदपत्रं आधीच पाहून ठेवली आहेत, एवढाच त्या शिक्क्याचा मूळ अर्थ. पुढे काही देशांनी आपसात ठरवलं की तुमच्याकडची माणसं आमच्याकडे येतात, फिरतात, कामं उरकतात आणि परत जातात. त्यांचे कागद आधी बघत बसायला नको. ही व्हिसामाफी. प्रवाशांची मोठी सोय झाली. यजमान देशाची मात्र पंचाईत अशी की विमानातून उतरून माणूस खिडकीसमोर उभा राहीपर्यंत तो कोण, कुठला, याचा नीट पत्ताच लागायचा नाही. माणूस नको असेल तर तो आधीच दारात येऊन उभा.

यावर ऑस्ट्रेलियाने १९९६ साली तोड काढली. कागद नाही, चिकटवायचं स्टिकर नाही. पासपोर्टच्या नंबराला जोडलेली संगणकातली एक नोंद, बस. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेला हाच विचार पटला. तिथे २००७ साली कायदा झाला आणि १२ जानेवारी २००९ पासून व्हिसामाफी असलेल्या देशांच्या नागरिकांना ‘एस्टा’, म्हणजे तिथली पूर्वपरवानगी, सक्तीचा झाला. मग रांगच लागली: कॅनडा २०१६, न्यूझीलंड २०१९, दक्षिण कोरिया २०२१. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारच्या नागरिकांपासून सुरुवात केली आणि एप्रिल २०२५ मध्ये युरोपच्या नागरिकांनाही त्यात आणलं. युरोपीय संघाची ‘एटियास’ नावाची पूर्वपरवानगी २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होईल, असं संघाने जाहीर केलेलं आहे.

म्हणजे पूर्वपरवानगी मुळात कुणासाठी? ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी. ज्यांना व्हिसा लागतो त्यांना तो लागतोच. ईटीए काढून व्हिसा टळत नाही. आणि ज्यांच्याकडे त्या देशाचा वैध व्हिसा आहे त्यांना सहसा ईटीए लागत नाही. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

काउंटरवरच्या मुलीला एवढी काळजी का

आता त्या काउंटरकडे परत जाऊ. परदेशात शिरायची परवानगी आणि ती तपासतेय विमान कंपनीची कर्मचारी. तिचा काय संबंध?

संबंध पैशांचा आहे. पुरेशी कागदपत्रं नसलेला प्रवासी विमान कंपनीने आणून सोडला, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी तिच्याच गळ्यात पडते. वर बऱ्याच देशांत दंडही होतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या नियमांनुसार तो माणशी हजारो युरोंच्या घरात जातो. त्यामुळे विमान कंपनी कागदपत्रांच्या बाबतीत कुठल्याही सरकारी अधिकाऱ्यापेक्षा कडक असते. अधिकारी एखाद्या वेळी समजून घेईल. काउंटरवरच्या मुलीला समजून घेण्याचा अधिकारच नसतो.

ती बघते काय? बहुतेक कंपन्या ‘टिमॅटिक’ नावाची माहितीप्रणाली वापरतात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, ती चालवते. कुठल्या देशाचा पासपोर्ट, कुठे चाललाय, मध्ये कुठे थांबणार, किती दिवसांसाठी, हे भरलं की काय काय लागतं ते तिथे दिसतं. त्याशिवाय ज्या देशांनी पूर्वपरवानगी आणली आहे त्यांच्यापैकी अनेकांच्या संगणकाशी विमान कंपनीचा संगणक थेट बोलतो. तुमचा पासपोर्ट मशीनवर ठेवला की नंबर तिकडे जातो आणि काही सेकंदांत उत्तर येतं: बसवा, किंवा बसवू नका. ‘बसवू नका’ आलं तर बोर्डिंग पास छापलाच जात नाही. मग हुज्जत घालून, ओळखी सांगून किंवा डोळ्यांत पाणी आणून काही होत नाही, कारण निर्णय त्या मुलीने घेतलेलाच नसतो.

मला या सगळ्यातली खरी उलथापालथ इथे दिसते. देशाची सीमा आता त्या देशात राहिलेली नाही. ती तुम्ही जिथून निघता त्या विमानतळाच्या काउंटरवर येऊन उभी आहे. ईटीए ही त्या काउंटरवरची परवानगी आहे. विमानात बसण्याची. उतरल्यावर देशात घ्यायचं की नाही, हे तिकडचा इमिग्रेशन अधिकारी वेगळं ठरवतो, आणि हातात पूर्वपरवानगी असूनही तो नाही म्हणू शकतो. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका, सगळेच हे आपापल्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहितात. वाचतं कोण, हा प्रश्न वेगळा.

नावावर जाऊ नका

कागदावर व्याख्या सरळ दिसते. पण सरकारांनी नावांचा जो काला करून ठेवलाय, त्याला तोड नाही.

ऑस्ट्रेलियात ईटीए नावाची जी गोष्ट मिळते ती कायद्याने व्हिसाच आहे. तिला व्हिसाच्या यादीत ६०१ हा स्वतःचा क्रमांकही आहे. केनियाने जानेवारी २०२४ मध्ये ‘आता आमच्याकडे व्हिसा लागणार नाही’ असं जगाला सांगितलं आणि त्याच दमात ३० डॉलरची ईटीए आणली. आधी अर्ज, कागद अपलोड, फी, मग मंजुरीची वाट. ज्याने भरलं तो म्हणणार, हा व्हिसाच की. भारताच्या ई-व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्यावर परदेशी पर्यटकाला ईमेलने जे पत्र येतं त्याचं नाव ईटीए. त्याची प्रत घेऊन यायचं आणि इथल्या विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा.

म्हणून नाव सोडा, काम बघा. ई-व्हिसा म्हणजे व्हिसाच, फक्त वकिलातीत न जाता ऑनलाइन काढलेला. ज्यांना व्हिसा लागतो त्यांच्यासाठी. व्हिसा ऑन अरायव्हल म्हणजे उतरल्यावर तिथल्या खिडकीत पैसे भरून मिळणारा व्हिसा. ईटीए म्हणजे व्हिसामाफी असलेल्यांनी निघण्याआधी घ्यायची परवानगी. आणि चौथी एक वस्तू आहे जिची लोक या तिघांशी हमखास गल्लत करतात: अरायव्हल कार्ड. पूर्वी विमानात पेन मागत भरायचो ते चिटोरं, आता ऑनलाइन झालंय. सिंगापूरचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’, १ मे २०२५ पासून सुरू झालेलं थायलंडचं डिजिटल कार्ड, मलेशियाचं तसंच कार्ड. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, एक पैसा लागत नाही. ती परवानगी नव्हे, निव्वळ माहिती आहे. व्हिसा असो वा नसो, कार्ड वेगळं भरावंच लागतं. हातात कडक व्हिसा आहे, मग हे कशाला, असं म्हणून लोक ते सोडून देतात आणि तिथल्या हॉलमध्ये रांगेबाहेर उभं राहून मोबाइलवर भरत बसतात.

फुकटच्या कार्डाचे पैसे घेणाऱ्या वेबसाइटींचं तर पीकच आलेलं आहे. शोधयंत्रात ईटीए लिहून शोधलं की वरच्या दोन-तीन जागा बहुधा जाहिरातींच्या असतात. रंग सरकारी, चिन्ह सरकारी वाटावं असं, कुठेतरी बारीक अक्षरात ‘आम्ही खासगी मदतनीस आहोत’. कॅनडाची खरी फी ७ कॅनेडियन डॉलर आहे. तिथे तुमच्याकडे सत्तर मागितले की समजून जा. यातल्या काही साइटी अर्ज खरोखर भरून देतात, म्हणजे अगदी फसवणूक म्हणता येत नाही. पण तुमच्या पासपोर्टचा फोटो, जन्मतारीख आणि कार्डाचा नंबर मात्र अनोळखी माणसाकडे राहतो. ‘एटियास’ची गंमत आणखी पुढची: सरकारने एकही अर्ज घ्यायला सुरुवात केली नव्हती तेव्हापासून तो भरून देणाऱ्या साइटी दुकान मांडून बसल्या होत्या. त्यामुळे आधी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची किंवा वकिलातीची साइट उघडावी आणि तिथल्या दुव्यावरून अर्जापर्यंत जावं. उलटा प्रवास करू नये.

फीचे आकडे मात्र पाठ करून ठेवू नका, ते हलतात. ब्रिटनची ईटीए १० पौंडांची होती, ९ एप्रिल २०२५ पासून १६ झाली. अमेरिकेचा एस्टा २१ डॉलरला होता, ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलर झाला. न्यूझीलंडमध्ये परवानगीची फी लहान, पण तिच्यासोबत वसूल होणारा पर्यटक कर ऑक्टोबर २०२४ मध्ये ३५ वरून एकदम १०० न्यूझीलंड डॉलरवर नेला.

अर्ज भरताना

अर्ज स्वतः सोपा असतो, वीस मिनिटांचं काम. चुका होतात त्या बहुतेक एकाच ठिकाणी: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन विचित्र ओळी असतात तिथे. बाणासारखी चिन्हं भरलेल्या, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या त्या दोन ओळी मशीनला वाचता याव्यात म्हणून असतात आणि जगभर सारख्याच पद्धतीने लिहिलेल्या असतात. काउंटरवरचं मशीन तुमचं नाव वरून वाचत नाही, या ओळींतून वाचतं. तेव्हा अर्जातलं नाव आणि नंबर या ओळींशी जुळला पाहिजे. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांची अदलाबदल झाली की अर्ज मंजूर होतो, फी कापली जाते, मंजुरीचा ईमेलही येतो. फक्त ती परवानगी जगात अस्तित्वातच नसलेल्या पासपोर्टला मिळालेली असते. तुमच्या पासपोर्टवर काउंटरला काहीच दिसत नाही. हातातल्या ईमेलची छापील प्रत तेव्हा कामाची नसते, कारण बघायचं ते संगणकात बघितलं जातं. हल्ली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन यांची ॲप्स फोनच्या कॅमेऱ्याने पासपोर्ट वाचून घेतात, त्यामुळे ही चूक कमी होते. मी तर म्हणेन, ॲप असेल तर ॲपच वापरा.

परवानगी नंबराला जोडलेली आहे, याचा दुसरा अर्थ: पासपोर्ट बदलला की ती गेली. एस्टा आणि ब्रिटनची ईटीए दोन वर्षं चालते, कॅनडाची पाच, ऑस्ट्रेलियाची एक. पण मधेच पासपोर्ट संपला किंवा हरवला आणि नवीन घेतला, तर उरलेली मुदत पुढे येत नाही. नवा अर्ज, नवी फी. लहान मुलांचंही तसंच. मांडीवरच्या बाळालाही ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा या तिघांकडे स्वतंत्र परवानगी लागते.

किती आधी अर्ज करावा? बहुतेकांना काही मिनिटांत उत्तर येतं, आणि तीच खरी अडचण आहे, कारण मग लोक टॅक्सीत बसून अर्ज करतात. अमेरिका किमान ७२ तास आधी अर्ज करायला सांगते, ब्रिटन तीन कामाचे दिवस हातात ठेवायला सांगतो. तुमचं नाव दुसऱ्या कुणाच्या नावाशी जुळलं, किंवा एखाद्या उत्तरावर संगणक अडखळला, की अर्ज माणसाच्या टेबलावर जातो आणि माणूस शनिवार-रविवार घरी असतो. तिकीट काढायच्या आधीच अर्ज करून मोकळं व्हावं हे उत्तम.

प्रश्नांची उत्तरं खरी द्या, हे सांगायची गरज नसावी, पण आहे. पूर्वी कुठे गुन्हा, पूर्वी कधी व्हिसा नाकारला, मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, असे प्रश्न येतात. अमेरिकेच्या अर्जात १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान अशा ठरावीक देशांत गेला होतात का, हेही विचारतात. ‘हो’ असेल तर बहुतेकांना एस्टा मिळत नाही, वकिलातीत जाऊन व्हिसा घ्यावा लागतो. अनेकांना ही शिक्षा वाटते. पण एस्टा नाकारला म्हणजे देशाची दारं बंद झाली असं नसतं. एवढंच की आता संगणकाऐवजी माणूस तुमचे कागद बघणार. खोटं लिहून पकडले गेलात तर मात्र तो माणूसही ऐकून घेत नाही.

दोन देशांचं नागरिकत्व असलेल्यांची फजिती वेगळीच. कॅनडाच्या नागरिकाला कॅनडाची ईटीए मिळू शकत नाही, ब्रिटिश नागरिकाला ब्रिटनची नाही. स्वतःच्या घरात शिरायला परवानगी कसली? तर्क बरोबर आहे. पण ज्याने तिकडचा पासपोर्ट कधी काढलाच नाही किंवा त्याची मुदत संपू दिली, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्या पासपोर्टवर ये-जा केली, तो दोन्हीकडून अडकतो: परदेशी म्हणून अर्ज करता येत नाही, नागरिक म्हणून दाखवायला पासपोर्ट नाही. ब्रिटनने २५ फेब्रुवारी २०२६ पासून ‘परवानगी नाही तर प्रवास नाही’ हा नियम काटेकोर केल्यावर असे लोक चांगलेच गोत्यात आले.

मध्ये थांबणार असाल तर

ट्रान्झिट हा विषय लोक शेवटी बघतात आणि अडकतात तो इथेच. ‘मी तिथे जाणारच नाहीये, नुसतं विमान बदलणार आहे.’ देशागणिक उत्तर वेगळं. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय प्रवाशांना इमिग्रेशनच्या अलीकडेच थांबून पुढचं विमान पकडायची सोय नाही. तीन तास थांबायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जायचं, बॅग घ्यायची, पुन्हा द्यायची. म्हणजे एस्टा किंवा व्हिसा हवाच. कॅनडात नुसतं विमान बदलायलाही ईटीए लागते. ब्रिटनमध्ये हीथ्रो किंवा मँचेस्टरला इमिग्रेशन न ओलांडता पुढचं विमान घेणार असाल तर ईटीए लागत नाही.

इथे एक खोच आहे. ही सवलत दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील आणि बॅग परस्पर पुढे जात असेल, तरच खऱ्या अर्थाने उपयोगी. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडली असतील, तर मधल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करावी लागते. बॅगेचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे तुम्ही त्या देशात शिरलात. तिकिटात वाचवलेले पैसे अशा ठिकाणी व्याजासकट परत जातात.

जमिनीवरून जाणाऱ्यांचे नियम आणखी निराळे. कॅनडाची ईटीए फक्त विमानाने येणाऱ्यांना लागते. अमेरिकेतून गाडीने गेलात तर नाही. अमेरिकेने मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून रस्त्याने येणाऱ्यांनाही एस्टा लावला. आयर्लंडमधून उत्तर आयर्लंडमध्ये जाताना वाटेत कुणी अडवत नाही, रस्त्याच्या कडेची पाटी बदलते तेवढीच, पण कायद्याने पर्यटकाकडे ब्रिटनची ईटीए हवी.

पासपोर्टची मुदत आणि बाकीचे कागद

पासपोर्ट परतीच्या दिवसापर्यंत चालू असला की झालं, असं वाटतं. अनेक देशांना पोचल्यापासून पुढे सहा महिने मुदत हवी असते. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम दुहेरी आहे: परत निघण्याच्या तारखेपुढे तीन महिने मुदत हवी, आणि शिवाय पासपोर्ट दिल्याची तारीख शिरतेवेळी दहा वर्षांच्या आतली हवी. ब्रिटनमध्ये पूर्वी जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून द्यायचे, त्यामुळे काहींचे पासपोर्ट दहा वर्षं नऊ महिन्यांचे होते. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर यातल्या कितीतरी जणांना, पासपोर्टवर पुढची तारीख छापलेली असूनही, विमानतळावरून परत फिरावं लागलं.

पीतज्वराच्या लशीचा दाखला मागणारे देश बरेच आहेत, विशेषतः तो आजार असलेल्या भागातून तुम्ही येत असाल तर. तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तरी तो मागू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून आदल्या दिवशी धावपळ करून भागत नाही. ११ जुलै २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो. जुन्या पुस्तिकेत दहा वर्षं लिहिलेली असली तरी.

याखेरीज परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चाला पैसे आहेत याचा काहीतरी पुरावा, आणि मूल आई किंवा वडील एकाबरोबरच प्रवास करत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. दर वेळी विचारतीलच असं नाही. हे सगळं फोनमध्ये तर असावंच, पण कागदावरही असावं, कारण बॅटरी नेमकी तिथेच संपते.

किती दिवस राहता येतं

‘दोन वर्षांची परवानगी मिळाली’ याचा अर्थ दोन वर्षं राहता येतं असा नाही. दोन वर्षांत अनेकदा जाता येतं. एका वेळी किती दिवस, हा आकडा वेगळा: एस्टावर जास्तीत जास्त ९० दिवस, ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून सहा महिने, ऑस्ट्रेलियात तीन महिने. अमेरिकेत ८५व्या दिवशी मेक्सिकोत जाऊन चार दिवसांनी परत आलात तर घड्याळ शून्यावर येत नाही, ते चार दिवसही मोजले जातात.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो शेंगेनचा नियम: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. लोक याचा अर्थ ‘तीन महिने आत, तीन महिने बाहेर’ असा घेतात. प्रत्यक्षात ही सरकती खिडकी आहे. तुम्ही तिथे आहात त्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून, गेले १८० दिवस मोजायचे; त्यात तुमचे मुक्कामाचे दिवस नव्वदच्या वर जाता कामा नयेत. शिरण्याचा आणि निघण्याचा दिवसही पूर्ण दिवस म्हणून धरतात.

उदाहरण घेऊ. लीप नसलेलं वर्ष. १० जानेवारी ते ८ फेब्रुवारी असे ३० दिवस राहून आलात. मग १ एप्रिल ते ३० मे, ६० दिवस. नव्वद संपले. आता पुन्हा कधी? जानेवारीचे दिवस खिडकीबाहेर पडायला लागतील तेव्हा. १० जानेवारी हा दिवस ९ जुलैला खिडकीतून गळतो, म्हणून ९ जुलैला एक दिवस मोकळा होतो. १० जुलैला आणखी एक. रोज एक गळतो, रोज एक वापरला जातो, असं करत ७ ऑगस्टपर्यंत ३० दिवस राहता येतं. ८ ऑगस्टला थांबलात तर ९१. कारण एप्रिलचे दिवस अजून खिडकीतच आहेत. ते गळायला सुरुवात व्हायची २८ सप्टेंबरला. हा हिशेब बोटांवर करू नका. युरोपीय आयोगाच्या साइटवर त्यासाठी कॅल्क्युलेटर ठेवलेला आहे.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरचे पुसट शिक्के बघून अधिकारी करायचा आणि एखाददुसरा दिवस सुटून जायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली: शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे, आणि दिवस मोजायला संगणक. संगणक एखाददुसरा दिवस सोडत नाही.

अमेरिकेत तर एस्टावर येऊन एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी पुढे व्हिसामाफीचा मार्ग तुमच्यासाठी बंद. दर वेळी व्हिसा काढायचा. शिवाय एस्टावर येणारा माणूस आत शिरतानाच, आपल्याला परत पाठवायचा निर्णय झाला तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क, आश्रय मागण्याची बाब सोडली तर, सोडून देतो. ही अट अर्जातच असते, ज्या पानावर सगळे न वाचता टिचकी मारतात.

म्हणून देश सोडताना आपली बाहेर पडण्याची नोंद झाली आहे की नाही, याकडेही लक्ष असावं. विमानाने गेलात तर ती आपोआप होते. रस्त्याने, बोटीने गेलात तर कधी कधी राहून जाते, आणि मग संगणकाच्या लेखी तुम्ही अजून तिथेच असता. अमेरिकेत ‘आय-९४’ नावाची ही नोंद त्यांच्या सरकारी साइटवर पासपोर्ट नंबर घालून स्वतः बघता येते. त्यात तुमच्या निघण्याची तारीख नसेल, तर तुम्ही त्या दिवशी बाहेर होतात हे दाखवायला बोर्डिंग पास, पुढच्या देशाचा शिक्का किंवा तिथल्या हॉटेलचं बिल कामी येतं. घरी पोचल्यावर बॅग रिकामी करताना हे कपटे कचऱ्यात टाकू नका. पासपोर्टच्या पाकिटातच राहू द्या.